शोकसभेत अर्धी राहिलेली बारी

बुवा, तुमच्या शोकसभेत गरम वड्यांचा लाइव्ह काउंटर होता.

हे आधीच सांगून टाकते, कारण बाकीचं सांगताना माझा राग इकडेतिकडे सांडेल आणि हे राहून जाईल. हॉलच्या दाराशी कढई, मागे पांढरी टोपी घातलेला आचारी आणि रांगेत आपली माणसं. एका हातात कागदी प्लेट, दुसऱ्या हातात तुमच्या फोटोला वाहायला दिलेलं झेंडूचं फूल. एकीने मला विचारलं, "अगं, हिरवी चटणी संपली का?" मी आत जाऊन तिला चटणी आणून दिली. म्हणजे मी काही वेगळी नव्हते. ते पुढे येईलच.

तुमचा फोटो पुरुषभर उंचीचा केला होता. कोणीतरी तुमचा रंग चांगला उजळवला होता आणि भुवईवरचा व्रण पुसून टाकला होता. खाली सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'सात्त्विक लोककलेचा दीपस्तंभ'. सात्त्विक! ज्या माणसाने भर बारीत समोरच्या बुवाच्या सासूची, मेहुण्याची आणि म्हशीचीसुद्धा खबर घेतली, तो सात्त्विक! त्या ओळीच्या खाली पुरस्कर्त्यांचे लोगो, ते तुमच्या नावापेक्षा मोठे. बघून शिसारी आली. आणि शिसारी आली तरी मी माईक हातात घेऊन गोड आवाजात "सुप्रभात" म्हणाले, कारण सूत्रसंचालन माझ्याकडे होतं.

तुम्ही गेल्याचं मला इस्माईलभाईंनी कळवलं. जयगडकडचा हा माणूस, रास अल खैमात टायपिंग सेंटर चालवतो आणि सुट्टीच्या दिवशी तुमच्यामागे ढोलकी धरतो. सकाळी ऑफिसला निघताना फोन आला. "मॅडम, बुवा खलास." इथे इतकी वर्षं राहून हा शब्द मी रोज ऐकते. गॅस खलास, पार्किंग खलास, मीटिंग खलास. मला क्षणभर वाटलं, तुमची नोकरी गेली. मग पलीकडून इस्माईलभाईंच्या रडण्याचा आवाज आला. कागदपत्रं, एम्बसी, विमान, सगळं त्यांनीच बघितलं. आमच्या इथल्या मराठी मंडळाने काय केलं? ग्रुपवर हात जोडलेली चित्रं टाकली. दुपारपर्यंत त्या जोडलेल्या हातांचा इतका ढीग झाला की मी फोन उलटा घालून ठेवला.

आपली पहिली भेट आठवते का? मी आमच्या कंपनीसाठी टाइल्सचा माल बघायला तुमच्या फॅक्टरीत आले होते. तुम्ही सॉर्टिंगला उभे. पट्ट्यावरून टाइल यायची, तुम्ही बोटाने टकटक करायचात आणि कान तिरका करायचात. दिसायला धडधाकट अशी एक टाइल तुम्ही उचलून बाजूला टाकलीत. मी हिंदीतून विचारलं, इसमें क्या खराबी है? तुम्ही माझ्या हिंदीवरूनच मला ओळखलंत आणि मराठीत म्हणालात, "हिचा आवाज बसलाय, बाई." मला गंमत वाटली. पुढे बोलणार तेवढ्यात पॅकिंगमधली दोन माणसं आली, त्यांनी हातमोजे काढले आणि तुमच्या पाया पडली. तुमचा इजिप्शियन सुपरवायझर बघतच राहिला. मीही. सॉर्टिंगवाल्याच्या पाया कोण पडतं?

त्यातला एक मला म्हणाला, "मॅडम, तुम्ही यांना ओळखत नाय? शांतारामबुवा! शक्तीवाले!" सचिनचं नाव न ऐकलेल्या माणसाकडे बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं.

मी पुण्याची. गाणं म्हणजे गाद्या, तंबोरे, आणि चहा मध्यंतरात, एवढंच मला माहीत. शक्ती-तुरा हा शब्द मी ऐकून होते. कोकणातल्या गावांत गणपतीच्या दिवसांत बाया-बापे पहाटेपर्यंत काहीतरी ऐकतात, इतपत. शक्तीवाले देवीच्या बाजूचे, तुरेवाले शंकराच्या बाजूचे, दोघं समोरासमोर. आधी गण, मग गवळण, मग एकमेकांची यथेच्छ निंदा, मग सवाल, आणि समोरच्याने तिथल्या तिथे गाण्यातून जबाब द्यायचा. या सामन्याला बारी म्हणायचं. हे सगळं तुम्ही मला फॅक्टरीच्या कँटीनमध्ये टेबलावर बोटं वाजवून शिकवलंत. एकेकाळी एसटी स्टँडवरच्या प्रत्येक टपरीत तुमच्या कॅसेटी असायच्या. मग कॅसेटी गेल्या, आणि तुम्ही टाइल्सकडे आलात. तक्रार केल्याचं मला आठवत नाही. "तिकडं लोकं टाळ्या वाजवायची, हितं मी टाइल वाजवतो," एवढंच म्हणायचात.

पुढे इस्माईलभाईंनी एकदा नव्या पोरांच्या शक्ती-तुऱ्याच्या पार्ट्यांचे व्हिडिओ दाखवले. संगमेश्वरकडची पोरं, लांज्याची पोरं, कोणी मुंबईत जन्मलेली. गवळणीची शेवटची ओळ आली की सगळे एक शब्द अर्ध्यावर सोडतात, छातीवर हात ठेवतात, श्वास घेतात आणि मग उरलेला शब्द उचलतात. मी म्हटलं, काय सुंदर जागा आहे ही! तुम्ही पोट धरून हसलात. "बाई, ती जागा नाय. तो माझा दमा हाय." कॅसेट भरताना तुम्हाला धाप लागली होती आणि रेकॉर्डिंगवाल्याने ते तसंच ठेवलं. तेव्हापासून चांगल्या भरदार छातीची पोरं तिथे धाप लागल्याचं सोंग करतात. याहून मोठं मोठेपण मला माहीत नाही. लोकांना तुमचा सूर हवा होता, चाल हवी होती, तुमचा दमासुद्धा हवा होता.

आणि मग मी, मंडळाची सेक्रेटरी, तुम्हाला आमच्या स्टेजवर घेऊन आले.

शाळेचं ऑडिटोरियम होतं, गणेशोत्सवाचा कार्यक्रम. तुम्ही फोनवर पहिला प्रश्न विचारलात, "समोर कोन?" मी म्हटलं, "समोर कोणी नाही, बुवा, तुम्ही एकटेच. तुम्हीच स्टार!" मला वाटलं, तुमचा केवढा मान केला. तुम्ही नुसतं म्हणालात, "बरं." नवरा नसताना नवरीला बोहल्यावर उभं करावं, तसा तो प्रकार होता, पण मला ते कळायला दोन वर्षं लागली.

आधी मी स्क्रिप्ट मागितली. तुम्ही विचारलंत, समोर बोलणाराच नसताना उत्तर कसं लिहून देऊ? मग आमच्या अध्यक्षांचं म्हणणं पडलं की टोमणे नकोत, फॅमिलीज येतात. मी ते तुमच्याकडे जसंच्या तसं पोचवलं. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडं काय बिनफॅमिलीचे येतात? माझी आई पयल्या रांगेत बसायची. तुरेवाला तिचंच नाव घेऊन गायचा. ती पदर तोंडाला लावून हसायची, आणि बारी संपली की त्यालाच उकडलेल्या शेंगा धाडायची." मी म्हटलं, "ते गावाकडे ठीक आहे, बुवा." हे वाक्य मी खरंच उच्चारलं. अजून तोंडात त्याची चव आहे.

कार्यक्रमाच्या दिवशी शाळेच्या माणसाने सांगितलं की स्टेजचं लाकूड पॉलिशचं आहे, ओरखडे पडतील. मी तुमच्या नाचणाऱ्यांना पायातले चाळ काढायला लावले. मुके पाय घेऊन ती माणसं नाचली. तुम्ही गण म्हटलात, गवळण म्हटलीत, दम्याची जागासुद्धा घेतलीत. आणि मग तुम्ही डावीकडे वळलात, जिथे तुरेवाल्याने असायला हवं होतं तिथे बघितलंत आणि थांबलात. तिथे एक कुंडी होती. मला वाटलं, तुम्ही शब्द विसरलात. तुमची लाज राखावी म्हणून मी टाळ्या सुरू केल्या आणि हॉलने त्या उचलल्या. तुम्ही हात जोडून खाली आलात. आमच्या लोकांनी बुफे घेतला. तुम्हाला आणि तुमच्या माणसांना पॅसेजमध्ये डबे दिले. ते डबे मीच मोजून ठेवले होते.

"झकास झालं, बुवा," मी म्हटलं. "अख्खा हॉल समोर होता."

"हॉल कुठं उत्तर देतो, सेक्रेटरीबाई?" तुम्ही म्हणालात, आणि डबा उघडून जेवायला लागलात.

तेव्हापासून तुम्ही मला सेक्रेटरीबाई म्हणायला लागलात. टोमणाच होता तो. आता वाटतं, तुम्ही मला टोमणा मारण्याच्या लायकीचं समजलात हाच माझा बहुमान.

यशवंतबुवांबद्दल मला त्यानंतर कळलं. मी रास अल खैमाला आले की तुमच्याबरोबर चहा घ्यायचे. तसंच एकदा आलेले असताना तुमचा फोन वाजला, तुम्ही व्हॉइस मेसेज लावलात आणि कँटीनभर एक घोगरा आवाज घुमला. तो तुमच्या टकलाला तुमच्याच फॅक्टरीची टाइल म्हणत होता, आणि वर विचारत होता की हिला क्वालिटीत पास कोणी केली. मला वाटलं, कोणीतरी धमकी देतंय. तुमचा चेहरा मात्र मुलाला पहिलं बक्षीस मिळाल्यासारखा फुलला होता. "ऐका, ऐका, काय म्हणतोय भाड्या! तुरेवाला यशवंत. जबल अलीला फोर्कलिफ्ट चालवतो."

गावाकडे जे दोघं दरवर्षी समोरासमोर उभे राहायचे, ते इथे येऊन दोन टोकांच्या कामगारांच्या दोन कॅम्पांत पडले होते. म्हणून बारी फोनवर. तुम्ही कॅम्पच्या मोरीत जाऊन उत्तर भरायचात, कारण तिथे आवाज घुमतो. मागे नळ ठिबकत असायचा. यशवंतबुवा तिकडे वेअरहाउसच्या रिकाम्या कंटेनरमध्ये उभे राहून गायचे. अबुधाबीपासून फुजैरापर्यंतची आपली माणसं, कोणी बसमध्ये, कोणी बंकवर पडल्या पडल्या, ते एका ग्रुपवर ऐकायची आणि मार्क द्यायची. आमच्या बिल्डिंगचा वॉचमनही त्या ग्रुपमध्ये होता. मी दोन वर्षं त्याला नुसतं गुड मॉर्निंग म्हणत होते.

मी तुम्हाला म्हटलं, "इतकं घाणेरडं कसं बोलवतं हो एकमेकांना?"

"ज्याला शिवी द्यावीशी वाटत नाय, त्याच्याशी बारी कशी करायची?" तुम्ही म्हणालात. हा आपला वाद शेवटपर्यंत मिटला नाही. मी म्हणायचे, टीका करा पण पातळी ठेवा. तुम्ही म्हणायचात, पातळी पाण्याला असते. दम्याने तुम्हाला हॉस्पिटलमध्ये टाकलं तेव्हा यशवंतबुवा दोन बसेस बदलून आले होते, इस्माईलभाईंनी सांगितलं. वॉर्डच्या दारात उभे राहून त्यांनी तुमच्या ऑक्सिजनच्या नळीवर चार ओळी म्हटल्या. मल्याळी नर्सने त्यांना हाकललं. तुम्ही तोंडावरचा मास्क काढून उत्तर द्यायला बघत होतात, म्हणून तिने तुम्हालाही झापलं.

ते ऐकल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी तुम्हाला शब्द दिला. दोघांना एका स्टेजवर आणते, खरीखुरी बारी, टोमण्यांसकट, चाळांसकट. त्या वर्षी कमिटीने एका मालिकेतल्या नटीला आणलं. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नक्की, इन्शाल्ला. पुढच्या वर्षी स्टँडअपवाला आला. पुन्हा मी इन्शाल्ला म्हटलं. तुम्ही हसून म्हणालात, "इस्माईल इन्शाल्ला म्हणतो तवा काम होतं, बाई. तुमी म्हणता तवा नाय होत. तुमी नुसतं बरं म्हणत जा." तिसऱ्या वर्षी मी विषयच काढला नाही. कमिटीत वाईटपणा कोण घेणार? मला खजिनदारीणबाईंशी भांडण नको होतं, त्यांची आणि माझी मुलगी एका बसने जातात. एवढंच कारण होतं. एवढ्याशा कारणासाठी दोन माणसं तीन वर्षं एकमेकांसमोर उभी राहू शकली नाहीत, आणि आता तर प्रश्नच मिटला.

तर शोकसभा. रविवार सकाळ. आधी दीपप्रज्वलन, मग तुमच्या आयुष्यावर स्लाइडशो. त्यात अर्धे फोटो अध्यक्षांचे होते, तुम्ही कोपऱ्यात. एका गृहस्थांनी लोकसंगीतावर भाषण केलं, त्यात तुमचं नाव शांताराम ऐवजी सखाराम घेतलं आणि शेवटपर्यंत तेच घेत राहिले. कोणी उठून दुरुस्त केलं नाही. मीही नाही. एका ताईंनी शास्त्रीय अंगाचं भजन म्हटलं. प्रत्येक जण तुमची स्तुती करत होता. स्तुती, स्तुती, स्तुती, श्रीखंडासारखी, वाटीवर वाटी. तुम्हाला आयुष्यात इतकं एकतर्फी कोणी बोललं नसेल. आणि उत्तर द्यायला तुम्ही नव्हतात, हे त्या सगळ्यांच्या किती सोयीचं होतं!

तेवढ्यात दारातून इस्माईलभाई आत आले, आणि त्यांच्यामागे सहा-सात माणसं. धुतलेले शर्ट, पायांत सेफ्टी शूज. सुपरमार्केटच्या पिशवीत झांजा. पुढे एक बुटका, काळा, जाड मिशांचा माणूस. मी त्यांना आधी कधी बघितलं नव्हतं, पण तोंड उघडल्यावर आवाज लगेच ओळखला. "मॅडम, मी यशवंत. दोन मिन्टं द्या. जादा नाय मागत."

आमंत्रण त्यांना नव्हतं. यादी मी केली होती, आणि त्यात त्यांचं नाव घालायचं मला सुचलंच नव्हतं. तुमच्या शोकसभेत सगळ्यात पहिलं आमंत्रण ज्याला जायला हवं होतं, तोच राहिला होता. मला इतकी शरम वाटली की अध्यक्षांना न विचारता मी दोन भाषणांच्या मध्ये त्यांना घातलं. "बुवांचे गावाकडचे मित्र," असं म्हटलं. मित्र! ते माझ्याकडे बघून जरा चमकलेच.

बुवा, तुमच्या माणसाने काय केलं बघा. डोक्याला रुमाल बांधला. फोटोला नमस्कार केला. त्याच्या लोकांनी रिंगण धरलं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तुमच्या फोटोच्या बाजूला मोकळं ठेवलं. इस्माईलभाई ढोलकी घेऊन नेमके मध्ये बसले, कुठल्या बाजूला जावं हे न कळल्यासारखे. आणि यशवंतबुवांनी कानावर हात ठेवून सुरू केलं:

"शक्तीवाल्या, गेलास कसा रे बारी अर्धी टाकून?
उत्तर येईना म्हणून निजलास तोंड आपलं झाकून!"

ते पुढे गात गेले. तुमच्या टकलावर, तुमच्या दम्यावर, त्या उजळवलेल्या फोटोवरसुद्धा. मेल्यावर पावडर लावायची ही कुठली पद्धत, असं विचारलं तुम्हाला. माझी मुलगी पहिल्या रांगेत होती, नाइलाजाने आणलेली, कानांत इअरफोनची बोंडं घातलेली. तिने बोंडं काढली. आणि मग ती हसली, मोठ्याने. "मम्मा, ही इज रोस्टिंग हिम! ओ माय गॉड, ही मस्ट हॅव लव्हड हिम सो मच." चौदा वर्षांची पोर, जिला मराठी अर्धंच कळतं. तिला एका मिनिटात जे समजलं, ते मला समजायला वर्षं लागली होती. आणि तिच्या मागच्या रांगेतली बाई म्हणाली, "शी! मेलेल्या माणसाला असं बोलतात? संस्कार म्हणून काही?"

अध्यक्ष पायऱ्या चढून माझ्याजवळ आले. "मॅडम, यल्ला, चला, खलास करा हे. लाइव्ह चाललंय, स्पॉन्सर बघतायत."

तोवर यशवंतबुवा सवालावर आले होते:

"गेलाच आहेस वरती तर बघून सांग रे खरं,
तुझी देवी आधी का माझा शंकर, कुणाचं होतं बरं?"

आणि ते थांबले. ज्या वादावर तुम्ही दोघं जन्मभर भांडलात, त्याचं उत्तर आता तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी बघता येणार होतं. म्हणून ते विचारत होते. त्यांची माणसं झांजेचा ठेका हळू चालू ठेवून उभी होती, समोरच्या बुवाला सुचेपर्यंत ठेवतात तसा. यशवंतबुवा फोटोकडे बघत होते. घाम नाकावरून मिशीत उतरत होता, आणि तो फक्त घाम नव्हता. ते उत्तराची वाट बघत होते, बुवा.

मला ते कळत होतं. हे लिहून ठेवायलाच हवं. पहिल्या वेळी, कुंडीपाशी तुम्ही थांबलात तेव्हा, मला कळलं नव्हतं, अडाणीपणा होता. या वेळी मला सगळं कळत होतं. तरी मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणाले, "धन्यवाद, यशवंतजी. वेळेअभावी आपण इथेच थांबतोय. एकदा जोरदार टाळ्या!" साउंडवाल्याने त्यांचा माईक बंद केला. बॅज लावलेल्या दोन स्वयंसेवकांनी त्यांच्या कोपराला धरलं. टाळ्या झाल्या. ते काही बोलले नाहीत. त्यांनी रुमाल सोडला, घडी केली आणि खिशात ठेवली. मग तुमच्या गवळणीचं डीजेवालं रिमिक्स लागलं आणि लोक वड्यांकडे वळले.

मला त्या लोकांची किळस येते, पण ती स्वस्त आहे. लोक असेच असतात. खरी किळस मला माझ्या त्या गोड आवाजाची येते. पुण्यात लहानपणापासून वक्तृत्वाची बक्षिसं मिळवून घडवलेला हा आवाज. त्याने आयुष्यात काय केलं, तर दोन वेळा बारी मोडली. संध्याकाळी कमिटीने व्हिडिओ टाकला. त्यात भाषणं आहेत, सखाराम आहे, काउंटरवरचे वडेसुद्धा आहेत. यशवंतबुवा नाहीत. तेवढीच चार मिनिटं काढली. मी कमिटीचा राजीनामा ग्रुपवर पाठवला, तर त्यावर अंगठा आला. वर एकाने लिहिलं, "मिस यू मॅम."

पुढच्या सुट्टीला मी इस्माईलभाईंना घेऊन जबल अलीला गेले. कॅम्पच्या मेसमध्ये यशवंतबुवा जेवून बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. पाहुणीसारखं वागवलं, त्यानेच मला जास्त कानकोंडं झालं. मी सगळं बोलून टाकलं. तीन वर्षांचा इन्शाल्ला, यादी, माईक. म्हटलं, "मी तुमचा सगळ्यांसमोर अपमान केला, बुवा. माफ करा."

"अपमानाचं सोडा, मॅडम," ते म्हणाले. "आमचा धंदाच अपमानाचा. ता काय मनाला नाय लागला." त्यांनी चहाचा कप थोडा पुढे सरकवला, परत मागे घेतला. "पन तुमी मला हरवलात."

मला कळलं नाही. मी इस्माईलभाईंकडे बघितलं. ते खाली बघत होते.

"सवाल टाकल्यावर उत्तर येईस्तवर रिंगान सोडायचं नसतं. जो पयला भायेर पडला त्यो हरला, हा आमचा कायदा. रात गेली, पाऊस आला, मांडव पडला, तरी आमी दोघं कदी हललो नाय. तीस वर्सं कोन हरला नाय, कोन जिंकला नाय. परवा मला धरून भायेर काढला. शांताराम आपल्या जाग्यावर होता. म्हंजे बारी त्येची झाली."

मी म्हटलं, "आपण पुन्हा करू. मी हॉल घेते, मी स्वतः..."

"कुनासमोर?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. मेसमधली माणसं ताटं धूत होती, कोणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांचा चेहरा लहान मुलासारखा वाकडा झाला आणि त्यांनी तो पंज्याने झाकला.

"जिंकला तर जिंकू दे त्याला, मॅडम. माझं काय नाय. पन हरलेल्याला खिजवायला यायला नको त्यानं?"

बुवा, त्यांना मी काय सांगू?